चूल बंद, वारंवार

गोठ्यातलं दूध आटलं की दूध संस्थेचं काम आटतं, संस्थेतल्या बायका मात्र आटत नाहीत. त्या दुष्काळी वर्षी वैशाखात आमच्या केंद्रावर सकाळी येणारं दूध एका कॅनमध्ये मावायला लागलं. माप घेणारी, फॅट बघणारी, पावती फाडणारी, सगळ्या जणी ऊन चढायच्या आत मोकळ्या. मी संस्थेची सचिव होते आणि रिकामे हात मला बघवत नाहीत. त्यामुळे कॉलेजातले समाजशास्त्राचे सर "वस्तीत फिरायला बायका मिळतील का" असं विचारत आले, तेव्हा चहा सांगायच्या आधी मी हो म्हटलं.

काम सरळ होतं. तालुक्याच्या आमच्या गावाला कडेनं ज्या वस्त्या चिकटलेल्या होत्या, त्यांतल्या एकीला पाण्याची टाकी मिळणार होती. लोखंडी चौथऱ्यावरची, तोट्या लावलेली मोठी टाकी. टँकर तिच्यात पाणी सोडणार आणि लोक दिवसभर सवडीनं भरणार. टाकी कुठे द्यायची हे ओळखीपाळखीवर ठरू नये म्हणून कचेरीनं सरांना पाहणी करायला सांगितलं होतं. गावात राहूनही गावाबाहेर ठेवल्यासारखी माणसं कुठे जास्त आहेत, हे प्रश्न विचारून मोजायचं. जिथं डावललेपण जास्त तिथं गुण जास्त आणि जिथं गुण जास्त तिथं टाकी. मला हे पटलं. मोजता येण्यासारखं असेल तर मोजावं, भांडत बसू नये.

आमची वस्ती नाल्याच्या दोन अंगांना होती. वरच्या गल्लीत शेतीवाडी असलेली, मुलांच्या शाळेसाठी गावात घरं बांधून राहिलेली माणसं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षाही तिथल्याच. घरात दोन पिढ्यांचं पुढारीपण, अंगावर इरकल, आवाज असा की माइक लागत नसे. सगळं गाव त्यांना काकू म्हणायचं. खालच्या गल्लीत पत्र्याची घरं. तिथली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची आणि पाडव्याच्या सुमाराला परतायची. जातीचा भाग होताच, तो मी झाकत नाही. पण त्या गल्लीत निरनिराळ्या जातींची माणसं होती आणि सगळ्यांना मिळून एकच नाव होतं, 'खालचे'. मधे नाला, नाल्यावर ओलांडायला फरशी, आणि फरशीला लागून आमच्या संस्थेचं पत्र्याचं शेड अन् मोकळं अंगण.

टँकर वरच्या गल्लीतच थांबायचा, कारण खाली वळायला जागा नव्हती. खालच्या बायका घागरी घेऊन वर यायच्या. वरच्यांचं भरून झालं की पाइप त्यांच्या हाती यायचा. असा नियम कोणी केला नव्हता. कोणी केला असता तर मोडता तरी आला असता.

खालच्या गल्लीतलं पहिलं घर आक्कांचं. मुलगे आणि सुना तोडीला गेल्या की या मागं राहून म्हैस आणि शाळेतली नातवंडं सांभाळायच्या. दूध घालायला रोज यायच्या, म्हणून त्यांच्या घरी मी स्वतः गेले. चुलीपुढं बसून त्या भाकरी थापत होत्या. धाकटी सून मागं पीठ मळत होती आणि तिची तान्ही पोर तिच्या पाठीला धरून उभी राहायची खटपट करत होती.

"घरात माणसं किती, आक्का?"

"दोन कोयते. अन् मी. अन् ही लेकरं."

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम तसंच धरतो, म्हणून घरातही तसंच धरतात. मी पाच मोठी माणसं लिहिली आणि पुढचा प्रश्न वाचला. "शेजारीपाजारी लग्नकार्याला बोलावतात का?"

"कावून बोलावणार न्हाईत?" आक्कांनी भाकरी तव्यात टाकली. "बोलावत्यात की. आमी काय वंगाळ हाव का?"

"टँकरवर थांबावं लागतं?"

"थांबतो की. घाई कुणाला हाय?"

"आत्याबाई," सून मागून म्हणाली, "काल तर रिकामी घागर घिऊन आलतो आपण."

"गप बस. पावन्यांफुडं घरातलं काढू नगं. ताई, तुमी लिवा, समदं बेस हाय."

खालच्या गल्लीत घरोघर हेच झालं. ज्या माणसाला आपण मान मिळतो का असं विचारतो, तो आधी स्वतःचा मान राखून मग उत्तर देतो. सगळे बोलावतात, सगळे विचारतात, कोणी तोडून बोलत नाही. आमच्या बायका कागदांचे गठ्ठे घेऊन परतल्या. सरांनी गुण लावले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, या हिशेबानं तुमच्या वस्तीत सगळी सुखी माणसं राहतात. टाकी दुसरीकडे जाईल."

"सर, त्या बायका तासन् तास उन्हात उभ्या राहतात."

"मला दिसतंय. पण कागदावर नाही ना."

मग मी विचार केला की बोलावणं तर सगळ्यांनाच येतं, पण ते येतं कसं? आदल्या लग्नसराईत काकूंच्या घरी लग्न होतं आणि आवतणं कोणाला कशी द्यायची ते मीच लावून दिलं होतं. आमच्याकडे आवतण एक नसतं. चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकरांपर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. ते भावकीला आणि मानाच्या घरांना. दुसरं उंबऱ्याला एक. घरातल्या एकानं यायचं, जेवायचं आणि जायचं. खालच्या गल्लीला नेहमी उंबऱ्याला एकच. त्यामुळे आक्का खोटं बोलत नव्हत्या. त्यांना बोलावत होते. फक्त त्यांची चूल कोणी बंद करत नव्हतं.

मी सरांना हे सांगितलं. ते खूश झाले. "असा प्रश्न पुस्तकात नसतो," म्हणाले आणि कागदाच्या तळाला उरलेल्या ओळीत लिहून टाकलं, 'गेल्या सालात घरची चूल बंद राहिली का? किती वेळा?' एवढीच जागा होती. आमच्या बायकांना जास्त समजवावं लागलं नाही. त्या पुन्हा घरोघर गेल्या आणि या खेपेला माणसं मोकळी बोलली, कारण या प्रश्नात कोणाला लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. वरच्या गल्लीत घरागणिक 'वारंवार'. खालच्या गल्लीत घरागणिक 'कधीच नाही'. इतकं स्वच्छ उत्तर मी कुठल्या कागदावर पाहिलेलं नाही. सरांनी ते कचेरीत पाठवलं.

कचेरीतले साहेब नवे होते. शहरात गॅसच्या शेगडीवर वाढलेला, कामसू, भल्या मनाचा माणूस. दुष्काळाच्या वर्षात त्यांच्या टेबलावर कागद आला : चूल बंद, वारंवार. त्यांनी घरांची यादी मागवली.

दोन दिवसांनी मी सह्या घ्यायला काकूंच्या घरी गेले होते. दारात जीप थांबली. साहेब उतरले, मागून एक शिपाई गव्हाचं पोतं उतरवायला लागला. काकू सोप्यात झोपाळ्यावर बसलेल्या.

साहेबांनी चप्पल बाहेर काढली, खाली मान घालून हळू आवाजात विचारलं, "बाई, आज घरात काही शिजलं का?"

"शिजलं का म्हंजी?" काकू म्हणाल्या. "आमरस-पुरी शिजलीय. बसा की. ताट वाढू?"

"संकोच करू नका. आमच्याकडे नोंद आहे. तुमच्याकडे चूल वारंवार बंद असते."

"असती की! आमच्याच न्हाई, साऱ्या आळीची असती. लग्नसराईत तर दिवसा-दोन दिवसाला बंद."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. "आणि लेकरं? लेकरं काय खातात मग?"

"बुंदी," काकू म्हणाल्या.

मी तोंडाला पदर लावला. मग पुढं होऊन साहेबांना सगळं उलगडून सांगितलं. ते आधी लाल झाले, मग हसले, मग आमरसाची वाटी घेऊन खरंच बसले. शिपायानं पोतं पुन्हा जीपमध्ये टाकलं. काकू मात्र हसत नव्हत्या.

"सचिवबाई, माज्या दारात उपाशी म्हणून जीप आणलीस तू. पार केजपतूर हसतील लोकं."

"काकू, साहेबांचा समज झाला तसा."

"अन् खालच्यांचं काय लिवलंय?"

"कधीच नाही."

"कधीच न्हाई कसं? आमच्या लग्नाला आलतेच की समदे."

"उंबऱ्याला एक आला होता, काकू."

झोपाळा थांबला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. समोर वाडगंभर रस उरलेला होता, त्यावर माशी बसत होती, ती त्यांनी पदरानं हाकलली.

"द्या मग त्यांना टाकी," त्या म्हणाल्या. "मी काय आडवी पडलीय का?"

सरांनी चूलबंदचा अर्थ लिहून कागद सुलटा लावला आणि गुण फिरले. आठवड्याच्या आत टाकी खालच्या गल्लीला मंजूर झाली. गल्लीच्या तोंडाला जरा भर टाकली की टँकर मागं मागं येऊ शकेल, असं मिस्त्री म्हणाला. मी तशीच उठून आक्कांकडे गेले.

आक्का म्हशीला पाणी दाखवत होत्या. दाखवतच होत्या म्हणायचं, बादलीत तेवढंच होतं. मी बातमी सांगितली. त्यांनी बादली खाली ठेवली.

"आमच्या गल्लीत?"

"तुमच्या दारात म्हणा ना. आता वर जायला नको, थांबायला नको."

सून मागून म्हणाली, "बरंच झालं की, आत्याबाई." तशा त्या तिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुला काय कळतंय?" आणि मला म्हणाल्या, "ताई, मग वर कशाला यायचं आमी?"

"पाण्यासाठी नाही यायचं."

"पान्यासाटी न्हाई, मग आन् कशासाटी यायचं? आमच्यासंगं कोन बसतंय कुठं?" त्यांनी पदरानं हात पुसले. "आमी शेवटाला का व्हईना, पर तिथं उबं ऱ्हातो. कुणाची लेक बाळंतपनाला आली, कुनाच्यात भुईमूग फोडायला बाया पायजेत, समदं तिथंच कळतं. टाकी दिली की म्हनतील, तुमचं तुमाला दिलंय, आता इकडं काय हाय? पानी येईल, पर वाट जाईल."

सुनेनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. त्या पोरीकडे बघत आक्का पुढं बोलल्या. ही नात फडावर जन्मली. बारसंही तिकडंच, पाचटाच्या खोपटापुढं झालं. आजीला ते दिसलं नाही आणि वस्तीतल्या कोणाला कळलंही नाही. आता ज्येष्ठात तिचं जावळ काढायचं होतं. या पोरीचं वस्तीतलं पहिलं कार्य.

"मी वरच्या गल्लीला चूलबंद आवतन देनार हाय," आक्का म्हणाल्या. "आमाला कुनी देत न्हाई, तर आमी देतो. वरचं येक तरी घर माज्या दारात जेवलं पायजे. आन् त्याच्या आदी तुमी ही टाकी आनून बसवायलात."

"मग कुठं बसवू?"

"मधी बसवा की."

मधे म्हणजे फरशीपाशी, आणि फरशीपाशी जागा होती ती आमच्या संस्थेच्या अंगणाची. टँकर तिथं आरामात वळत होता, रोज दुधाची गाडी वळतच होती. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, खालच्यांना गैरसोय नसेल आणि संस्था जागा देत असेल तर माझी हरकत नाही. म्हणजे प्रश्न राहिला संस्थेचा. मी संचालिकांची बैठक लावली. विषय एकच ठेवला. दोन विषय असले की अवघड असतो तो नेहमी पुढच्या बैठकीवर जातो.

"एका टाकीवर दोन गल्ल्या?" काकू म्हणाल्या. "भांडणं व्हतील."

"टँकरवर होतात त्याच्यापेक्षा जास्त?"

वरच्या गल्लीतल्या एक संचालिका होत्या, घसा खाकरून म्हणाल्या, "भांडनाचं सोडा. आमच्या हंड्याला त्यांचा हंडा लागंल, त्याचं काय?"

खालच्या गल्लीतल्या एकच संचालिका होत्या. त्या जमिनीवरचं सतरंजीचं सूत ओढत बसल्या. मला वाटलं, विषय संपला.

"का गं," काकू एकदम म्हणाल्या, "रोज सकाळी त्यांच्या म्हशीचं अन् तुज्या म्हशीचं दूध एकाच कॅनात ओततो आपण. ते एकमेकाला लागत न्हाई व्हय?"

"दुधाचं येगळं असतं, काकू."

"असतं तर. दुधाचं बिल येतं." बायका हसल्या. काकूंनी त्या हसण्यावरच निकाल लावला. "लिही गं सचिवबाई, जागा दिली. पण तोट्या दोन पायजेत. एक वरच्या अंगाला, एक खालच्या. माझी अट."

अट लिहिली. मन वळलं की माणूस थोडं हातचं राखून वळतं, ते मी धरूनच चालते. पण मिस्त्री आला, त्यानं अंगण पाहिलं आणि म्हणाला, वरच्या अंगाला तोटी लावली तर सांडलेलं पाणी शेडमध्ये घुसेल, उतार नाल्याकडेच आहे. त्यानं दोन्ही तोट्या नाल्याच्या अंगाला लावल्या, हातभर अंतरावर. काकू बघायला आल्या, तोट्यांकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं आणि "उतारापुढं कुनाचं काय चालतंय" असं म्हणून गेल्या.

एक तोटी वरच्यांची, एक खालच्यांची अशी धरून पहिले काही दिवस बायका एकमेकींकडे पाठ करून भरत. दोन तोट्यांमध्ये हातभर जागा असताना पाठ करणं सोपं नसतं. कोपर लागतं. एकीचा हंडा उचलताना दुसरीला हात द्यावा लागतो. मी केंद्राच्या खिडकीतून बघत असे. बोलणी सुरू झाली ती शिव्यांनी, "तुझं कधी भरायचं माय, पावसाळ्यात?" पण सुरू झाली.

आक्कांनी ज्येष्ठात आवतण दिलं. हळदीकुंकवाचं ताट घेऊन, सुनेला बरोबर घेऊन वरच्या गल्लीत घरोघर. "जावळ हाय नातीचं. चूल पेटवू नगा." दारात उभं राहून सगळ्या जणी "येतो, येतो" म्हणाल्या.

जावळाच्या सकाळी मी वरच्या गल्लीतूनच खाली गेले. मुद्दाम. गॅस थोड्याच घरांत होता, बाकीच्या घरांवर धूर दिसला. त्या सगळ्याच घरांवर. काकूंच्या न्हाणीमागूनही निघत होता.

खालच्या गल्लीत मांडव म्हणून दोन साड्या बांधल्या होत्या. वरण-भात, वांग्याची भाजी, गुळाचा शिरा. पाण्याच्या त्या दिवसांत एवढ्या माणसांचा भात म्हणजे गंमत नव्हती. खालची गल्ली सगळी जेवली. वरून एक म्हातारे आले, एका घरानं शाळकरी मुलगी पाठवली, आणखी दोघं-तिघं. उंबऱ्याला एक. तेही सगळ्या उंबऱ्यांचे नाहीत. आक्का प्रत्येकाला वाढत होत्या आणि मधूनच फरशीकडे बघत होत्या. मी वाढपात हात घातला. बोलण्यापेक्षा ते बरं.

ऊन कलायला लागल्यावर काकू आल्या. एकट्या. हातात पितळी डबा. पोरीच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला, झबलं दिलं आणि पाटावर बसल्या.

"चूल?" आक्कांनी विचारलं. एवढंच.

"पेटलीय," काकू म्हणाल्या. "म्हाताऱ्याला येळेवर भाकरी लागती. अन् माजं घर म्हंजी निस्तं माजं न्हाई, आक्का." काकूंनी त्यांना आक्का म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या जेवल्या, नीट जेवल्या, भात मागून घेतला. मग पितळी डबा पुढं सरकवला. "ह्याच्यात घाल. सुना खातील, लेकरं खातील. तेवढं तरी तुज्या घरचं माज्या घरात जाऊ दे."

आक्कांनी तो डबा उचलून बघितला आणि बाजूला ठेवला. आत गेल्या. येताना त्यांच्या हातात त्यांचाच डबा होता, जर्मनचा, म्हणजे साध्या अॅल्युमिनियमचा, पोचे पडलेला. शिरा, भात, भाजी दाबून भरली, झाकण लावलं आणि तो डबा काकूंच्या हातात दिला.

"अगं, मी आणलाय की डबा."

"तुमचा लई चांगला हाय. तेल लागंल त्याला." आक्का म्हणाल्या. "ह्योच न्या."

काकूंना कळलं. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. त्या एका हातात आपला रिकामा पितळी आणि दुसऱ्या हातात भरलेला जर्मनचा डबा घेऊन फरशी ओलांडून गेल्या. मला वाटतं, त्या जाता जाता हसत होत्या, पण पाठमोऱ्या होत्या.

आठवडा गेला. डबा आला नाही. आक्का रोज दूध घालायला यायच्या, टाकीवर यायच्या, विषय काढायच्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "जर्मनच्या डब्याचं काय येवडं."

मग एका सकाळी मी खिडकीत बसून कॅनचं झाकण लावत होते, तेव्हा काकूंची थोरली सून टाकीवर आली. डोक्यावर हंडा, काखेत कळशी आणि कळशीवर तो जर्मनचा डबा. आक्का खालच्या तोटीवर घागर लावून उभ्या होत्या. सुनेनं हंडा वरच्या तोटीखाली ठेवला आणि डबा आक्कांच्या हातात दिला.

"सासूबाईंनी दिलाय. म्हणाल्या, उशीर झाला, पीठ दळायचं ऱ्हायलंतं."

आक्कांनी तिथंच झाकण काढलं. आत धपाटे होते, तीळ लावलेले, अजून गरम. त्यांनी एक काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि एक तिच्यापुढं धरला.

"खा की."

"हितं? उब्याउब्या?"

"मग बसून कुनी खायाला दिलंय? खा."

सुनेनं एकदा वरच्या गल्लीकडे पाहिलं आणि तुकडा तोंडात घातला. दोघी उभ्या राहून खात होत्या. घागर भरून वाहायला लागली होती, हंडाही भरत आला होता.

"अगं ए, तोटी बंद करा!" मागच्या बायका ओरडल्या. "पानी चाललं की नाल्यात!"

दोघींचे हात तेलाचे होते. मी बाहेर गेले आणि दोन्ही तोट्या बंद केल्या.